तारखांवर तारखा पडल्या, ते बरंच झालं

प्रश्न : ताई, माझं लग्न डिसेंबर १९९२ मध्ये झालं. नवरा एच-वन म्हणजे नोकरीच्या व्हिसावर अमेरिकेत, न्यू जर्सीत होता. मार्च १९९३ मध्ये मी एच-फोरवर, म्हणजे त्याची बायको म्हणून मिळणाऱ्या व्हिसावर, तिकडे गेले. मुलगा तिथलाच, १९९५ चा. मे १९९९ मध्ये त्याला घेऊन मी कायमची गोरेगावला आईकडे आले. घटस्फोट संमतीने घ्यायचा ठरला, पण हा गृहस्थ तारखेला यायचाच नाही. कधी रजा नाही, कधी तिकीट महाग. शेवटी वांद्र्याच्या फॅमिली कोर्टातून हुकूमनामा मिळाला मार्च २००३ मध्ये. एकरकमी पोटगी घेऊन ‘यापुढे कसलाही हक्क सांगणार नाही’ असं मी लिहून दिलंय. त्याने दुसरं लग्न केलं, तिकडचं नागरिकत्व घेतलं. वय ६५, अजून नोकरी करतो. मी पुन्हा लग्न केलं नाही. खासगी शाळेत शिकवत होते, पेन्शन नाही. आता रोज संध्याकाळी तीन तास दहावीच्या शिकवण्या घेते. येत्या १४ नोव्हेंबरला मला ६२ पूर्ण होतील. मुलगा म्हणतो, ‘आई, बाबांच्या सोशल सिक्युरिटीवर, म्हणजे तिथल्या सरकारी पेन्शनवर, तुलाही पैसे मिळतात.’ भाऊ म्हणतो, ‘सहा वर्षं संसार केलास, कसली पेन्शन?’ माझ्याकडे सोशल सिक्युरिटीचं जुनं कार्ड आहे, पण त्यावर ‘नोकरीसाठी ग्राह्य नाही’ असं छापलंय. आणि खरं सांगू, त्या माणसापुढे मला हात पसरायचा नाही.
– एक वाचक, गोरेगाव (पूर्व)

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी पेन्सिलीने दोन तारखांखाली रेघ मारली. डिसेंबर १९९२ आणि मार्च २००३. पेन्शन विभागात एकतीस वर्षं काढलेल्या बाईची ही खोड आहे, कहाणी नंतर, आधी तारखा.

तुमचे बंधू एकत्र राहिलेली वर्षं मोजतायत. अमेरिकेचा कायदा लग्न ते घटस्फोटाचा अंतिम हुकूम एवढा काळ मोजतो, आणि तो दहा वर्षांचा हवा. तुमचा भरतो दहा वर्षं तीन महिने. नवरोजी वेळेवर आले असते आणि २००१ मध्येच निकाल लागला असता, तर माझं उत्तर ‘नाही’ एवढंच असतं. तुम्ही ज्या तारखांना कोर्टाच्या बाकावर बसून त्याच्या नावाने बोटं मोडलीत, त्याच तारखा आज तुमच्या कामी आल्या आहेत.

ही दहा वर्षांची अट आधी याहून कडक होती. सोशल सिक्युरिटीचा मूळ कायदा १९३५ चा. घटस्फोटित बायकोला त्यात जागा मिळाली १९६५ मध्ये, तीही लग्न वीस वर्षं टिकलं असेल तरच. १९७७ च्या दुरुस्तीने वीसची दहा झाली. आपल्याकडे आजही केंद्र सरकारच्या फॅमिली पेन्शनमध्ये घटस्फोटित मुलीचा विचार होतो, घटस्फोटित बायकोचा नाही. माझ्या टेबलासमोर अशा किती जणी उभ्या राहिल्या असतील! फाइल उघडायचीही गरज नसायची, तरी मी उघडायची. लगेच ‘नाही’ म्हणवत नसे.

आता तुमच्या बाकीच्या अटी. तुमचं वय ६२, सध्या तुम्ही अविवाहित, आणि त्याचंही वय ६२ च्या पुढे. तो अजून नोकरीत आहे, त्याने स्वतः पैसे सुरू केले नाहीत, म्हणून तुमचं अडत नाही. घटस्फोटाला दोन वर्षं होऊन गेली की तुम्ही स्वतंत्रपणे अर्ज करू शकता. त्याच्या दुसऱ्या लग्नाचा इथे काही संबंध नाही. तुम्ही मात्र लग्न केलंत तर हा हक्क थांबतो. कोर्टात दिलेल्या त्या वाक्याने झोप उडवून घेऊ नका. सोशल सिक्युरिटीवर पाणी सोडल्याचं कलम हुकूमनाम्यात असलं, तरी तिथलं सोशल सिक्युरिटीचं सरकारी खातं त्याला किंमत देत नाही.

हात पसरण्याचं म्हणाल, तर हे पैसे त्याच्या खिशातून येतच नाहीत. त्याची रक्कम एका डॉलरनेही घटत नाही, त्याच्या आताच्या बायकोचीही नाही. तुम्ही अर्ज केलात हे ते खातं त्याला कळवतसुद्धा नाही.

पण तुम्ही भारताच्या नागरिक आहात आणि राहता गोरेगावला. परदेशी माणूस सहा महिन्यांहून जास्त काळ अमेरिकेबाहेर राहिला की त्याचे पैसे बंद होतात, हा तिथला सर्वसाधारण नियम. भारतीयांना त्यातून सूट मिळते ती ज्याच्या नोंदीवर पैसे मिळतात त्याची चाळीस क्रेडिट, म्हणजे साधारण दहा वर्षांचं काम, भरलेलं असेल तर. त्याचं ते कधीच भरलं असणार. मात्र बायको किंवा घटस्फोटित बायको म्हणून मागणाऱ्या व्यक्तीला आणखी एक अट आहे. तिने नवरा-बायकोचं नातं असताना एकूण किमान पाच वर्षं अमेरिकेत काढलेली असावीत. तुमची मार्च १९९३ ते मे १९९९, म्हणजे सहा वर्षं दोन महिने होतात. मुलगा लहान असताना माहेरी आला असाल ते महिने वजा करा. तरी पाच सलग असावी लागत नाहीत, बेरीज पाच हवी. म्हणून जुने पासपोर्ट शोधा. त्यातला प्रत्येक शिक्का, इकडचा आणि तिकडचा, एका वहीत तारखेनिशी उतरवून काढा. जोडीने भरलेली टॅक्स रिटर्न, घरभाड्याचा करार, मुलाच्या लसीकरणाचं कार्ड, जे सापडेल ते बाजूला ठेवा.

आता रक्कम. त्याला त्याच्या पूर्ण वयाला (म्हणजे कपात न होता पूर्ण रक्कम मिळते त्या वयाला) जेवढी मिळायची, त्याच्या जास्तीत जास्त निम्मी तुम्हाला. तुमचा जन्म १९६४ चा, त्यामुळे तुमचं पूर्ण वय ६७. ६२ व्या वर्षीच घ्यायला लागलात तर निम्म्याऐवजी साडेबत्तीस टक्क्यांच्या आसपास. समजा त्याची पूर्ण रक्कम २,४०० डॉलर आहे (हा आकडा मी हिशेबापुरता धरलाय), तर तुम्हाला ६७ ला १,२०० आणि ६२ ला ७८० च्या आसपास. त्यातून अमेरिका कर कापून घेते. परदेशी व्यक्तीच्या रकमेच्या ८५ टक्क्यांवर ३० टक्के, म्हणजे एकूण साडेपंचवीस टक्के. ७८० चे हातात उरले ५८१, १,२०० चे ८९४. भारत-अमेरिका कर करारानुसार या रकमेवर कर लावायचा हक्क अमेरिकेचाच. इथल्या रिटर्नमध्ये ती कशी दाखवायची ते मात्र तुमच्या सीएला विचारा, शेजाऱ्याला नको.

आणि तुमच्या शिकवण्या! पत्रात तुम्ही त्या सहज लिहून गेलात, पण खरी ग्यानबाची मेख तिथेच आहे. अमेरिकेबाहेर, तिथला सोशल सिक्युरिटी कर न भरता, महिन्यात ४५ तासांहून जास्त काम केलं की पूर्ण वय होईपर्यंत त्या महिन्याचे पैसे मिळत नाहीत. कमाई किती हे बघतच नाहीत, तास बघतात. रोज तीन तास, आठवड्याचे पाच दिवस धरले तरी महिन्याला साठच्या वर गेलात. पोरांना फुकट शिकवत असतात तर गोष्ट वेगळी. असे अडकलेले महिने ६७ नंतर कपातीच्या हिशेबातून वगळतात आणि रक्कम थोडी वाढते, म्हणजे सगळंच बुडत नाही. पण माझं मत विचाराल तर दहावीची मुलं दारात येतायत तोवर घाई करू नका. शिकवण्या बंद कराल किंवा तास निम्म्यावर आणाल, तेव्हा अर्ज करा. ६७ च्या पुढे मात्र थांबू नका, त्यानंतर बायकोच्या हिश्श्याची रक्कम वाढत नाही. ६२ लाच घ्यायचं ठरवलंत, तर पूर्ण महिनाभर वय ६२ असावं लागतं, त्यामुळे तुमचा पहिला महिना डिसेंबर, आणि त्याचे पैसे जानेवारीत.

कोणाचं वाईट चिंतायचं नाही, तरी हेही लिहून ठेवते. त्याचं तुमच्याआधी काही बरंवाईट झालं, तर घटस्फोटित विधवा म्हणून वेगळा हक्क लागू होतो, आणि तुमच्या पूर्ण वयाला तो निम्म्याचा नसून जवळपास पूर्ण रकमेचा असतो. दहा आणि पाच वर्षांच्या अटी तिथेही त्याच. तेव्हा मुलाला सांगून ठेवा, अशी बातमी तुमच्यापासून लपवायची नाही.

अर्जाचं काम अमेरिकन दूतावासाच्या फेडरल बेनिफिट्स युनिटमार्फत होतं. व्हिसाच्या रांगेत उभं राहून उपयोग नाही. पैसे सुरू करायचे त्याच्या चार महिने आधी अर्ज करता येतो. त्याचा सोशल सिक्युरिटी नंबर जुन्या डब्लू-टू फॉर्मवर (नोकरी देणारा दरवर्षी देतो तो पगार-कराचा दाखला) सापडेल. नाहीच सापडला, तर पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मगाव आणि सासू-सासऱ्यांची नावं द्या. लग्नाचा दाखला हवा, आणि हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत. झेरॉक्स नको. कोर्ट बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात), अमेरिकन वकिलातही बीकेसीत, पण तुम्हाला जायचंय कोर्टाच्या नक्कल विभागात. २००३ ची फाइल रेकॉर्डमधून वर यायला वेळ लागतो, म्हणून त्याचा अर्ज याच महिन्यात टाका.

पैसे सुरू झाले की वर्षा-दोन वर्षांनी अमेरिकेतून एक प्रश्नावली येईल. जिवंत आहात का, लग्न केलंत का, काम करता का. आपल्या नोव्हेंबरातल्या हयातीच्या दाखल्याची ती चुलत बहीण. भरून पाठवली नाही तर पैसे थांबतात. पोस्टमनला पत्ता नीट माहीत असू द्या. सोसायटीच्या लेटरबॉक्समध्ये कुठली कुठली पत्रं कशी गहाळ होतात, ते मी माझ्या इमारतीत रोज बघते.

राहिलं ते कार्ड. ‘नोकरीसाठी ग्राह्य नाही’ याचा अर्थ त्या कार्डावर तिथे नोकरी करता येत नाही, एवढाच. त्यावरचा नंबर तुमचाच आहे आणि अर्जात तो लिहायचा आहे. कार्ड एखाद्या पाकिटात घालून पासपोर्टांबरोबर ठेवा, आणि कृपा करून लॅमिनेट करू नका.