कुत्र्याचं पिल्लू रात्रभर रडतं, घरभर शू करतं: नागपुरात मे महिन्यात काय करावं?

दोन महिन्यांचं पिल्लू आई-भावंडांपासून तुटून आलंय, ते रडणारच. पहिले 5-7 दिवस त्याची पेटी किंवा गादी तुमच्या पलंगाशेजारीच ठेवा. वेगळ्या खोलीत कोंडलं की भीती वाढते, आणि रडणंही.

शू अडवण्याची ताकद ढोबळमानाने वय जितके महिने, त्यात एक मिळवून तितके तास, तीही जास्तीत जास्त. म्हणून झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळल्यावर लगेच ठरलेल्या जागी न्या, तिथे केली की 2-3 सेकंदांत शाबासकी द्या. रात्री एक-दोनदा उठावंच लागतं. घरात झालीच तर रागावू नका, ते फक्त लपून करायला शिकेल. फिनाइल टाळा, चाटलं तर अपाय होतो. पाणी आणि पांढरं व्हिनेगर सारख्या प्रमाणात घेऊन पुसा, वास राहिला की ते पुन्हा तिथेच करतं.

आपल्याकडे पारा 45 च्या आसपास जातो. कूलर लावा, पण झोत थेट अंगावर नको, ओल्या फरशीवर गादी नको आणि वायर दातांच्या टप्प्यात तर मुळीच नको. दुपारी बाहेर नेऊ नका, डांबराने पंजे भाजतात.

खाणं दिवसातून चारदा, थोडं थोडं. गाई-म्हशीचं दूध देऊ नका, बहुतेकांना जुलाब होतात. आधीचंच अन्न चालू ठेवून 7 दिवसांत हळूहळू बदला.

लसी 6-8 आठवड्यांपासून, दर 3-4 आठवड्यांनी, 16 आठवड्यांपर्यंत. तोवर रस्त्यावर खाली सोडू नका, पार्व्हो हा पिल्लांना घातक विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. उलट्या, रक्ताचे जुलाब किंवा सुस्ती दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.