पेट्रोलची गाडी सात वर्षांची झाली, रोजचं जाणं-येणं ४० किलोमीटर. विकून इलेक्ट्रिक घ्यावी का?

घ्या. पण शोरूमला जायच्या आधी खाली पार्किंगमध्ये एक चक्कर मारा. तुमच्या जागेपासून मीटरच्या खोलीपर्यंत वायर ओढता येईल का, ते बघा. येत असेल तर बाकीचे प्रश्न सोपे आहेत. येत नसेल, आणि रोज बाहेरच्या चार्जरवर अवलंबून राहावं लागणार असेल, तर मी पेट्रोलच ठेवा म्हणेन.

मी पुण्यात राहतो. तीन वर्षांपूर्वी ३०.२ युनिट बॅटरीची टाटाची इलेक्ट्रिक नेक्सॉन घेतली. एका चार्जमध्ये कागदावर ३१२ किलोमीटर, हातात एसी लावून २०० ते २१०. तुमच्या ४० ला ते भरपूर झालं, चार दिवसांतून एकदा प्लग लावला तरी चालतं. जुनी गाडी शहरात लिटरला १३ द्यायची, म्हणजे किलोमीटरला आठ रुपये. ही युनिटला साधारण सात किलोमीटर जाते. घरच्या विजेवर दोन रुपयांच्या आतच बसते. फक्त गाडी घरगुती मीटरवर चार्ज केलीत तर बिल वरच्या स्लॅबमध्ये जातं. महावितरण गाडीसाठी वेगळं मीटर देतं, त्याचा दरही वेगळा असतो. ते घ्याच.

सोसायटीने चार्जिंगच्या परवानगीचं माझं पत्र पाच महिने अडकवलं होतं. लोड वाढेल, आग लागेल, असं सगळं ऐकून घेतलं. शेवटी मीटिंगमध्ये एवढंच विचारलं, की १५ अँपिअरचा प्लग एका मोठ्या गिझरएवढी वीज ओढतो, मग सकाळी सात वाजता अख्ख्या इमारतीचे गिझर चालू असतात तेव्हा काय होतं? त्यानंतर सही मिळाली.

लांबच्या प्रवासाचं नियोजन मात्र लागतं. कोल्हापूर २३० किलोमीटर, वाटेत एकदा तासभर थांबावंच लागतं. खंबाटकी घाट चढताना बॅटरीचे टक्के भराभर उतरतात, पलीकडे उतरताना थोडे परत येतात. ताशी १०० च्या वर दामटलीत तर रेंज फार लवकर संपते. वाटेवरचे दोन चार्जर बघून ठेवा, एक बंद निघाला तर दुसरा हवा. तिथे युनिटचा दरही घरच्यापेक्षा बराच जास्त पडतो.

आणि गावाकडे जात असाल तर अर्थिंग तपासा. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. वाईजवळ आमचं घर आहे. पहिल्यांदा गाडी नेली, रात्री प्लग लावला, तर चार्जरवर लाल दिवा. तासभर वेगवेगळे प्लग लावून पाहिले. सकाळी गावातला वायरमन आला, त्याने बल्ब लावून पाहिलं आणि म्हणाला, "दादा, या घराला अर्थिंगच नाही." मग न्हाणीमागे खड्डा खणून पाइप पुरला, मीठ-कोळसा भरला, वरून दोन घागरी पाणी ओतलं. दिवा हिरवा झाला. त्या घरात आई वर्षानुवर्षं ओल्या हाताने पाण्याची मोटर चालू करत होती. गाडी अडली म्हणून ते कळलं.

महिन्याला ५०० किलोमीटरही होत नसतील तर एवढा पैसा घालू नका, पण तुमचं ४० रोजचं आहे, तुम्हाला परवडेल. पार्किंग तळघरात आहे की उघड्यावर, आणि मीटर तिथून किती लांब, तेवढं लिहा. वायर कोणती लागेल ते सांगतो.