ताट समोर, पण घास नाही

प्रश्न : स्मृतिभ्रंश झालेल्या सासूबाई ताटाकडे नुसत्या बघत बसतात. जेवताना गाणी लावली तर चिडतात. काय करावं?

उत्तर : गाणी जेवणाआधी १५-२० मिनिटं, हळू आवाजात लावा, त्यांच्या पंधरा ते पंचविशीतली. जाहिराती मध्ये येऊ देऊ नका, त्यांनी माणूस बिथरू शकतं. घास सुरू झाला की गाणं आणि टीव्ही बंद. दोन्हीकडे लक्ष देणं मेंदूला झेपत नाही. पांढऱ्या ताटात पांढरा भात त्यांना वेगळा दिसतच नसेल. गडद, बिननक्षीचं ताट घ्या, एका वेळी एकच पदार्थ वाढा. चमचा हातात द्या, पहिला घास हाताला हात लावून. ठसका लागत असेल किंवा घास गालात साठत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. जेवणानंतर अर्धा तास ताठ बसवा.