डिस्चार्ज बुकातली 'छकुली' आणि कॉलेजची फी

प्रश्न : मी सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालो. मुलीला बारावीला 71 टक्के मिळाले, यंदा ती बी.फार्म.च्या पहिल्या वर्षाला आहे. धाकटा नववीत. दोघांना काही मिळेल का? (सातारा)

दोघांसाठी वेगवेगळे अर्ज करा. मुलीसाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे. केंद्रीय सैनिक बोर्ड 2006-07 पासून ती देतं. मुलींना महिना 3,000 आणि मुलांना 2,500 रुपये मिळतात. बारावीला 60 टक्के लागतात, ते तिच्याकडे आहेत. पण एक लक्षात घ्या, देशभरात वर्षाला जागा 5,500, त्यांतल्या निम्म्या मुलींच्या. शहीद, युद्धात अपंग झालेले आणि शौर्यपदकविजेते यांच्या मुलांचा नंबर आधी, मग तुमच्या-आमच्या मुलांची गुणवत्ता यादी. म्हणजे पात्र असणं वेगळं, मिळणं वेगळं. तरीही अर्ज भराच, आणि याच वर्षी भरा. 'आत्ता अ‍ॅडमिशनची धावपळ आहे, पुढच्या वर्षी बघू' म्हणालात की संपलं, कारण नवा अर्ज पहिल्या वर्षालाच घेतात. एकदा मिळाली की दरवर्षी 50 टक्के राखायचे.

धाकट्यासाठी शिक्षण अनुदान. हवालदार आणि त्याखालच्या रँकसाठी, दोन मुलांपर्यंत, पहिलीपासून पदवीपर्यंत. महिना 1,000 रुपये होते. 1 नोव्हेंबर 2025 पासूनच्या अर्जांना 2,000 झाले. दोन्ही अर्ज ऑनलाइन भरायचे, तपासणी मात्र जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात. मूळ कागद घेऊन स्वतः जा. सायबर कॅफेवाल्यावर सोडू नका.

प्रश्न : डिस्चार्ज बुकात (सैन्यातून निवृत्त होताना मिळणाऱ्या नोंदींच्या पुस्तकात) मुलाचं नाव एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं. नुसतं प्रतिज्ञापत्र चालेल का? (कोल्हापूर)

नुसत्या प्रतिज्ञापत्रावर काम होईल अशी आशा धरू नका. कार्यालयात पाहिलेल्या दहा अडचणींपैकी सात याच असायच्या. एका सुभेदारांच्या बुकात मुलीचं नाव चक्क 'छकुली' होतं. पोरगी झाल्याचं पत्र पोस्टिंगवर पोचलं, त्यांनी आनंदाच्या भरात युनिटच्या क्लार्कला तेच नाव सांगितलं आणि तसाच पार्ट टू ऑर्डर, म्हणजे युनिटची अधिकृत नोंद, निघाला. अठरा वर्षांनी इंजिनिअरिंगच्या अर्जाच्या वेळी छकुली सापडली!

दुरुस्ती तुमच्या रेकॉर्ड ऑफिसकडून, म्हणजे तुमच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाकडून होते. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे असाल तर बेळगावहून. जन्मदाखला, शाळेचा दाखला, आधार, प्रतिज्ञापत्र आणि डिस्चार्ज बुकाची प्रत जोडा, अर्ज जिल्हा कार्यालयामार्फत पाठवा. पोच जपून ठेवा. यात महिने जातात, म्हणून मुलगा दहावीत असतानाच बुक उघडून बघा. पत्नीचं नावही तपासा. माहेरचं नाव राहून गेलेलं असतं.

प्रश्न : वडील सीआरपीएफमधून निवृत्त झाले. आम्हाला सैनिक कल्याण कार्यालयातून परत पाठवलं. (जळगाव)

त्यांचं चुकलं नाही. निमलष्करी दलाचे निवृत्त जवान 'माजी सैनिक' या व्याख्येत बसत नाहीत. पण तुमच्यासाठी गृह मंत्रालयाची स्वतंत्र पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे, तिचा अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर भरायचा.

प्रश्न : पंधरा वर्षं नोकरी झाली, सैन्याने पदवी समकक्ष प्रमाणपत्र दिलं. त्यावर एलएल.बी.ला प्रवेश मिळेल? (अहिल्यानगर)

नाही. ते प्रमाणपत्र सरकारी नोकरीतल्या गट 'क'च्या पदांसाठी आहे, तेही जिथे साधी पदवी मागितली असेल तिथेच. पुढच्या शिक्षणासाठी खरी पदवी लागते. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून किंवा इग्नूमधून बी.ए. करा. पहाटे उठायची सवय तुम्हाला आहेच.