मुसळधार वारा म्हणतोस का?

अरे, तू पाठवलेली दहा इंग्रजी वाक्यं वाचली. व्याकरण ठीक आहे, शब्दांच्या जोड्या चुकल्यात, म्हणजे कुठल्या शब्दासोबत कुठला शब्द शोभतो ते. आपण पाऊस मुसळधार म्हणतो, वारा सोसाट्याचा. 'मुसळधार वारा' म्हटलंस तर साताऱ्यातली कुठलीही आजी हसेल. इंग्रजीचंही तसंच: हेवी रेन, पण स्ट्राँग विंड. चहासुद्धा स्ट्राँगच, हेवी नाही.

सगळ्यात जास्त घोळ आपल्या 'करणे'मुळे होतो. आपण चूकही करतो, गृहपाठही करतो. तिकडे मेक अ मिस्टेक, पण डू होमवर्क. कारण शोधत बसू नकोस, पाठच कर. आणि परीक्षा! आपण ती 'देतो', म्हणून मी एका मुलाखतीत 'आय गेव्ह द एक्झाम' म्हणालो. समोरच्यांनी विचारलं, 'म्हणजे तुम्ही शिक्षक का?' विद्यार्थी एक्झाम 'टेक' करतो. भारतात 'गिव्ह' सर्रास चालतं, पण बाहेरच्याला ते उलटं वाटतं. निर्णयाला मात्र मेक आणि टेक दोन्ही चालतात. अमेरिकेत मेक जास्त.

वहीत नुसती जोडी उतरवू नकोस, नाहीतर हेवी रेन पाठ होईल आणि वाक्यात 'रेन्ड हेविली' करायची वेळ आली की अडशील. प्रत्येक जोडीचं आपल्या गावचं वाक्य कर: 'इट रेन्ड हेविली इन कास, सो वी मिस्ड द बस.' बघ, मिस्ड द बस ही दुसरी जोडी फुकटात मिळाली. साताऱ्याच्या स्टँडवर ती रोज उपयोगी पडते!

उद्या पाचच वाक्यं आण, पण तुझी स्वतःची.