इझी रन म्हणजे नेमकं किती सावकाश?

प्रश्न : सर, मी साताऱ्याचा, वय ३८. सपाटीवर १० किलोमीटर ५५ मिनिटांत होतात. जानेवारीत मुंबईला पहिल्यांदाच फुल मॅरेथॉन पळायची आहे. ग्रुपसोबत रोज ६ च्या पेसने, म्हणजे किलोमीटरला ६ मिनिटं, पळतो, यवतेश्वर घाटात पेस पडला की जोर लावून परत वर आणतो. हल्ली पाय सारखे जड असतात. इझी रनचा पेस किती ठेवू?

उत्तर : ६ चा पेस तुमच्यासाठी इझी नाहीच. तुमचा १० किलोमीटरचा पेस साडेपाचचा, त्या हिशोबाने ट्रेनिंग नीट झालं तर फुल मॅरेथॉन तुम्ही साधारण ६ ते सव्वासहाने पळाल, म्हणजे रोज सकाळी तुम्ही रेसच्याच पेसने पळताय, मग पाय जड होणार नाहीत तर काय होणार? इझी रन रेसपेक्षा किलोमीटरमागे मिनिटभर तरी सावकाश हवा. तुम्ही ७ ते साडेसात धरा, त्याहून सावकाश झाला तरी चालतंय.

पण हा आकडा सपाटीचा, आणि साताऱ्यात सपाटी शोधावी लागते. घाटात घड्याळातला पेस बघूच नका. चढावर तोच पेस धरून ठेवला की ठोके वाढणारच, तिथे इझी रन संपला. शेजारच्याशी दोन-तीन वाक्यं सलग, धाप न लागता बोलता आली पाहिजेत, शब्द तुटायला लागले की स्पीड कमी करा, तरी जमेना तर सरळ चाला, त्यात कसलाही कमीपणा नाही. उतरतानाही जपून, तिथे दम लागत नाही म्हणून सगळे सुसाट सुटतात आणि मांड्या नेमक्या तिथेच भरून येतात.

हार्ट रेटचं विचाराल तर मिनिटाला जास्तीत जास्त ठोके २२० वजा वय, म्हणजे तुमचे १८२, त्याच्या ७० ते ७५ टक्के म्हणजे साधारण १२७ ते १३७. पण हे सूत्र अंदाजाचं, माणसागणिक दहा-बारा ठोके सहज इकडेतिकडे होतात आणि मनगटावरचं घड्याळही चुकतं, मी तरी बोलण्याच्या टेस्टवरच जास्त भरवसा ठेवतो.

सावकाश पळून फायदा काय, तर स्नायूंमधल्या बारीक रक्तवाहिन्या आणि मायटोकॉन्ड्रिया (पेशींमधली ऊर्जा तयार करणारी केंद्रं) वाढतात, शरीर चरबी जाळायला शिकतं, आणि ४२ किलोमीटरला तेच लागतं कारण साठवलेली साखर बहुतेकांना तिसाव्या किलोमीटरच्या आसपास संपत येते.

खरी अडचण ग्रुपची आहे हे मला कळतंय. आठवड्यातला एक दिवस त्यांच्यासोबत जोरात पळा, बाकीचे दिवस त्यांना पुढे जाऊ द्या नाहीतर मागच्या लोकांबरोबर पळा. दीड-दोन महिन्यांनी त्याच रस्त्यावर, तेवढ्याच श्वासात पेस आपोआप सुधारलेला दिसेल. आणि दोन आठवडे खरंच सावकाश पळूनही पाय जडच राहिले तर झोप बघा, डॉक्टरांकडून हिमोग्लोबिन तपासून घ्या.