आबा पेरणीच्या दिवसांत वारीला का जातात?

प्रिय चिऊ,

परवा फोनवर आबांनी तुला सावता माळ्यांची गोष्ट सांगितली. अरणच्या मळ्यात राबणारे, भाजीपाल्यातच विठ्ठल बघणारे आणि पंढरपूरला कधी न गेलेले सावतोबा. फोन ठेवल्यावर तू विचारलंस, "मळ्यातच देव असेल तर आबा शेत सोडून एवढं चालत का जातात? तेही पेरणीच्या वेळी?" प्रश्न फार बरोबर आहे. गाडीत दोन वाक्यांत उत्तर देऊन उरकायचा नाही, म्हणून लिहायला बसलोय.

आधी पेरणीचं. आबा पेरणी टाकून जात नाहीत, पेरून जातात. पारनेरकडची आपली जमीन हलकी, वर पाऊस कमी. मृगाचा पाऊस होऊन वाफसा आला, म्हणजे जमिनीत पेरण्याजोगी ओल आली, की मूग आणि बाजरी पेरायची घाई असते. माउलींची पालखी आळंदीहून ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघते. म्हणजे बहुतेक वेळा जूनचा दुसरा पंधरवडा. अधिक महिना आधी आला असेल तर सगळंच पुढे सरकतं. 2018 मध्ये आषाढी एकादशी 23 जुलैला होती, 2025 मध्ये 6 जुलैला. म्हणून आमच्या घरात जून उजाडला की दोनच गोष्टींची चर्चा असायची, पाऊस कुठवर आला आणि प्रस्थान कधी.

तू आता ट्रॅक्टरने पेरताना बघतेस. मी लहान असताना तिफण होती. तिफणीवर लाकडाचं चाडं असतं, त्यातून नळ्यांवाटे बी जमिनीत उतरतं. बैल पुढे चालतात आणि पेरणारा मागून चालत मुठीतलं बी बोटांच्या फटीतून चाड्यात सोडत राहतो. मूठ सैल झाली तर पीक दाट उगवतं, आखडली तर नांगे, म्हणजे मधे रिकाम्या जागा, पडतात. बाजरीचं बी बारीक, ते तर क्षणात निसटतं. आबा तिफणीला नारळ फोडायचे, चपला बांधावर काढायचे आणि चाड्यावर मूठ धरली की तोंडाने 'विठ्ठल विठ्ठल' सुरू व्हायचं. पावलाला एक नाव. त्या लयीत हात एकसारखा चालायचा. आमच्या वावरात नांगे पडलेले मला आठवत नाहीत. तेव्हा सावतोबांची गोष्ट आबा फक्त सांगत नाहीत. मळ्यात देव असतो हे त्यांच्या हातातच आहे.

मग चालायचं कशाला?

मला कळलं ते असं. शेतकरी वर्षभर एकटा असतो. रात्रीची लाइट आली की एकट्याने उठून मोटर चालू करायची, एकट्याने दारं धरायची, म्हणजे पिकाला पाणी द्यायचं, कांद्याचा भाव पडला की एकट्याने आतल्या आत झुरायचं. वारीत त्याच्यासारखेच हजारो भेटतात. कोणी विदर्भातला कापूसवाला, कोणी मराठवाड्यातला सोयाबीनवाला. सगळे एकमेकांना माउली म्हणतात, वाकून एकमेकांच्या पाया पडतात. वयाने मोठा माणूस लहानाच्याही पाया पडतो. आबांच्या दिंडीत एक निवृत्त मामलेदार आहेत. ते आबांच्या शेजारच्या राहुटीत सतरंजीवर झोपतात आणि सकाळी टँकरच्या पाण्याला त्याच रांगेत उभे राहतात.

रात्री मुक्कामावर समाजआरती होते, ती तुला खूप आवडेल. सगळ्या दिंड्या तळावर टाळ वाजवत उभ्या असतात. सोहळ्याची शिस्त राखणारे चोपदार दंड वर करतात आणि एवढी मोठी गर्दी एकदम गप्प होते. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवणं थांबवत नाही. चोपदार तिथे जातात, ऐकून घेतात, निकाल देतात. मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात आणि आरती होते. तक्रार मांडायची इतकी साधी आणि मानाची रीत मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही.

आता घराचं. आबा चालतात ते आजीच्या जिवावर, हे तू पक्कं लक्षात ठेव. मागे गाईंचं दूध, खुरपणीची माणसं, काका-काकूंची धावपळ, सगळं ती सांभाळते. आम्ही लहान असताना ती एकदाही गेली नाही. पुढे काकाचं लग्न झालं, काकू घरात रुळली, तेव्हा आजीने डोक्यावर तुळस घेतली आणि तीही आळंदीपासून निघाली. आबांची भक्ती सगळ्यांना दिसते. माझ्या मते आजीची तितकीच मोठी आहे, ती इतकी वर्षं गोठ्यात आणि चुलीपाशी झाली एवढंच.

आणि घर अडचणीत असेल तर आबा वाट सोडून मागे फिरतात. मी आठवीत होतो तेव्हा मृगात पडलेल्या पावसाने नंतर तोंड फिरवलं. मूग उगवून करपला. आबा फलटणपर्यंत पोचले होते. तिथे मागून पाऊस झाल्याचा निरोप आला, म्हणजे दुबार पेरणी करायला हवी होती. दिंडीतले विणेकरी म्हणाले, "पेरून या, आम्ही वाखरीला आहोतच." वाखरी म्हणजे पंढरपूरच्या अलीकडचा शेवटचा मुक्काम. आबा एसटीने घरी आले, उसनं बियाणं आणलं, दोन दिवसांत बाजरी पेरली आणि दशमीला थेट वाखरीला जाऊन टाळकऱ्यांत उभे राहिले. वारी चुकली असं कोणी म्हटलं नाही, त्यांनाही वाटलं नाही.

2020 मध्ये कोरोनामुळे पायी वारीच नव्हती. पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. ते दिवस आबांनी घरी काढले. रोज संध्याकाळी हरिपाठाला बसण्याआधी ते आजीला पालखीचा त्या दिवशीचा मुक्काम सांगायचे, "आज सासवड," "आज लोणंद," "आज नातेपुते." कॅलेंडर न बघता. मी इथे कॅनडात, मिसिसॉगात घरात अडकलेलो, आणि फोनवर ती नावं ऐकून मला रडू यायचं.

सावतोबांची एक गोष्ट मात्र आबांनी तुला अर्धीच सांगितली. 1295 मध्ये त्यांनी अरणला देह ठेवला. आषाढीला संतांच्या पालख्या पंढरपूरला जातात, पण सावतोबांची जात नाही. एकादशी झाल्यावर पांडुरंगाचीच पालखी पंढरपुराहून त्यांना भेटायला अरणला येते. ज्याला मळा सोडवत नाही त्याच्याकडे देव चालत येतो, आणि ज्याला भेटीची ओढ आहे तो देवाकडे चालत जातो. आबांना यात भांडण दिसत नाही. जेवढं मळ्यात करता येतं तेवढं करून ते निघतात. पुढचा पाऊस त्यांच्या हातात नसतो, म्हणून तो विठ्ठलावर सोडतात.

तू हळूच हेही विचारलंस, की आपण जाऊ शकतो का. जाऊ. ज्या वर्षी वारी जुलैत येईल त्या वर्षी तुझ्या शाळेला सुट्टी असते. पुणे ते सासवड दिवे घाटाचा टप्पा मोठा आणि चढाचा आहे, तो तुला झेपायचा नाही. सासवड ते जेजुरी साधारण 16 किलोमीटर आहे, मध्ये विसावे आहेत. जेजुरीला पालखीवर भंडारा उधळतात, तोही बघायला मिळेल. नवे बूट घ्यायचे नाहीत, रोजचेच घालायचे.

रविवारी सकाळी साडेदहाला फोन लाव. तेव्हा तिकडे रात्रीचे आठ वाजलेले असतात आणि आबांचा हरिपाठ झालेला असतो. दिंडीत आपल्या दोघांची नावं कधी द्यायची आणि भिशीचे, म्हणजे दिंडीतल्या जेवणाचे, पैसे किती, ते तूच विचारून घे.

तुझा,
बाबा